गव्हर्नरचा व्हेटो आणि आमचा पूल

मतं फिरवावीत तर या ऑरिन स्टॅनर्डने! आमच्या राज्याच्या सिनेटवर निवडून येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते, पण ऐट तीस वर्षांची होती.

प्रकरण आमच्या गावच्या पुलाचं. छप्पर असलेला जुना लाकडी पूल, फळ्या इतक्या कुजलेल्या की आगीचा बंब पलीकडच्या काठावरच थांबायचा. हिवाळ्यात म्हाताऱ्या टॅबिथाचं कोठार बंबाच्या डोळ्यांदेखत जळून गेलं. दुरुस्तीचं विधेयक मी आणलं, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आणि गव्हर्नरने व्हेटो ठोकला! म्हणे, पूल ठणठणीत आहे!

व्हेटो उलथवायला दोन-तृतीयांश मतं लागतात. खालच्या सभागृहाने ती दिली. आमच्या सिनेटमध्ये आम्ही तीस, म्हणजे वीस हवीत. माझ्याजवळ होती, माझं धरून, एकोणीस!

"एकाच मताचा प्रश्न ना? जेवायला बोलावतो," मी आमच्या गटनेत्या अ‍ॅडलिनबाईंना म्हणालो.

"मतदान तीनला आहे. आणि नियमांचं पुस्तक वाचलंस का?"

"बाई, माझ्या लूसीच्या हातचे बीन्स खाल्ले की नियम आपोआप वाकतात!"

गव्हर्नरच्या बाजूचे वेंडेल थेअर आणि हॉलिस प्राउटी जेवायला आले. मेपलच्या पाकातले बीन्स वेंडेलने तीन थाळ्या हाणले.

"वहिनी, तोड नाही! पण ऑरिन, मत मिळणार नाही हं. पूल ठणठणीत आहे. आत्ताच आलो ना त्यावरून!"

माझं तोंड पडलं. माझी गाडी चिखलात रुतलेली, म्हणून निमूटपणे त्यांच्याच गाडीत बसलो. पुलाच्या मध्यावर कडाड् आवाज झाला आणि पुढचं चाक फळीतून खाली! वेंडेल तावातावाने बघायला उतरला आणि मांडीपर्यंत आत गेला!

"ऑरिन! अरे ओढ मला!"

"पूल ठणठणीत आहे म्हणालास ना?"

"माझं मत तुला! हॉलिसचंही तुला! ओढ रे बाबा!"

आम्ही ओढून काढला. बूट नदीला गेला. त्या खोऱ्यात फोन लागत नाही, त्यामुळे पलीकडे चालत गेलो आणि एका शेतकऱ्याच्या गाडीत वासराशेजारी बसून राजधानी गाठली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती! चिखलाने माखलेले आम्ही तिघे सभागृहात घुसलो.

"थांबा!" मी गरजलो. "एकवीस झाले!"

सगळं सभागृह खो-खो हसलं. अ‍ॅडलिनबाई म्हणाल्या, "मतदान संपलं. व्हेटो उलथला!"

"माझ्याशिवाय? कसा?"

"अरे, हजर असतील त्यांच्या दोन-तृतीयांश लागतात! तुम्ही तिघे गायब, उरलो सत्तावीस. त्यात आपले अठरा. बरोबर दोन-तृतीयांश! म्हणून म्हणत होते, पुस्तक वाच."

मी आनंदाने उडीच मारली! एका बुटातल्या वेंडेलनेही टाळ्या वाजवल्या. आमच्या पुलाने स्वतःची लढाई स्वतःच जिंकली होती!

आता पूल भक्कम झालाय. बंब पहिल्यांदा घंटा वाजवत त्यावरून आला तेव्हा टॅबिथा रडली आणि खरं सांगतो, मीही रडलो.

पुलाच्या तोंडाशी पितळी पाटी आहे. तिच्यावर व्हेटो उलथवणाऱ्या अठरा सिनेटरांची नावं आहेत. लूसी दर वेळी तिथे गाडी थांबवते, अठराच्या अठरा नावं मोठ्याने वाचते आणि भोळा चेहरा करून विचारते, "आपल्या गावचे सिनेटर कुठे होते रे त्या दिवशी?"