सुदृढ बालकाची दुसरी फेरी

महिला मंडळाच्या सुदृढ बालक स्पर्धेला अजून तास होता, आणि पेडण्याच्या कृष्णनाथ दुकानदाराने नातवाला तांदळाच्या काट्यावर चौथ्यांदा बसवलं होतं. अडीच वर्षांचा रुद्रेश पंधरवड्यात चक्क दोन किलो वाढला होता. गाल असे फुगले होते की पोर जागं आहे की झोपलंय, ते घरच्यांना विचारूनच कळायचं. गेल्या वर्षी पहिला आला होता शेजारच्या सगुणचा नातू. यंदा मात्र परीक्षक होती कृष्णनाथची सख्खी भाची, रजेवर गावी आलेली डॉक्टर सिद्धी.

गोवा राज्य होऊन चार वर्षं झाली होती, पण सिद्धीचं शिक्षण काही संपत नव्हतं.

"दिल्लीक शिकता," कृष्णनाथ गिऱ्हाइकांना सांगे. "फकत ल्हान भुरग्यांची किडनी."

"इतकी वर्सां शिकान फकत भुरग्यांची?" सगुण म्हणे. "मगे मोठ्यांची कधी शिकतली?"

स्पर्धेत रुद्रेश समोर आला तेव्हा सिद्धीने गाल ओढला नाही, की दात मोजले नाहीत. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"मामा, ह्येचा तोंड सकाळी जास्त सुजता?"

"सुजता कसला गो? भरता."

"आणि लघवी कमी जाता?"

कृष्णनाथ गोंधळला. लघवीलाही गुण असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"उद्या सकाळची पयली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन येवा," सिद्धी म्हणाली. "ती बघितल्याबगर माका कायच सांगूक येवचा ना."

हे तिने हळूच सांगितलं, पण अध्यक्षीण शांताबाईंचा माइक टेबलावर चालूच होता. मांडवाबाहेर चणे विकणाऱ्यालासुद्धा ते ऐकू गेलं. शांताबाईंनी लगेच जाहीर केलं, "निकाल उद्या. दुसऱ्या फेरीनंतर."

दुसऱ्या दिवशी सिद्धीने दार उघडलं तर अंगणात तेवीस आज्या-आजोबा रांगेत उभे. कुणाकडे खोकल्याच्या औषधाची बाटली, कुणाकडे सॉसची, एकाकडे फेणीची, लेबलासकट. सगुणची बाटली लिटरभराची होती आणि तोंडापर्यंत भरलेली.

"सगुणकाका, ही सगळी एकट्याची?"

"घराण्याची," सगुण अभिमानाने म्हणाला.

ती बाटली बघून कृष्णनाथ मात्र मनाशी हसला. त्याने याचा अंदाज आधीच घेतला होता. रुद्रेशने पहाटे दिली ती जेमतेम दोन चमचे. तेवढ्यावर नंबर येईल कसा? त्याने चौकोनी बाटली काठोकाठ भरून आणली होती. सिद्धीने ती उजेडात धरली. आत पांढरा तुकडा तरंगत होता.

"मामा, लघवीत मलई?"

"शहाळा एकदम ताजा होता," कृष्णनाथच्या तोंडून निघून गेलं.

"आणि पोराची खंय?"

"ती... इतकीशी होती. लाज वाटली माका."

तेव्हा चंद्रावती मामीने पदराखालून एक इवलीशी बाटली काढली. "हे ओतून टाकूक निघालेले. मी लपयली. डॉक्टर पोराची मागता, माडाची नाय."

सिद्धीने ते दोन चमचे काचेच्या नळीत घेतले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरले. बघता बघता नळीत दूध नासावं तसं पांढरं फुटलं. रांगेतले सगळे माना पुढे काढून बघू लागले.

"मामा, अंगातला सत्त्व लघवीतून जाता आणि पाणी अंगात रवता. हो वाढूक ना. सुजला."

"म्हणजे माजे दोन किलो..."

"पाणी."

कृष्णनाथ पायरीवर बसला. त्याने रुद्रेशच्या नडगीवर स्वतः अंगठा दाबून पाहिला. "बरो जातलो मगे?"

"आजच गोळ्यो सुरू करूया. मीठ कमी. मी रजा वाढयतय."

पहिला नंबर अर्थातच सगुणच्या नातवाला मिळाला, स्टीलच्या डब्यासकट. सिद्धी मात्र रोज सकाळी मामाकडे. नडगी दाबायची, नळी तापवायची. दहाव्या दिवसापासून रुद्रेशला लघवी अशी मोकळी होऊ लागली की मामीने अंगणातली तुळस दोन हात पलीकडे नेली. गाल उतरले, आतून दोन डोळे निघाले. कृष्णनाथ आता गिऱ्हाइकाला तांदूळ देण्याआधी नातवाचं वजन सांगे, "आज पाव किलो कमी."

मग एका सकाळी नळी उकळूनसुद्धा पाण्यासारखी नितळ राहिली. कृष्णनाथने ती खिडकीशी नेऊन दोनदा पाहिली, नाकाशी नेली आणि भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

दारात सगुण उभा होता, नातू कडेवर. पोराच्या दोन्ही नडग्या दाबून दाबून लाल झाल्या होत्या.

"बाय, पयलो नंबर आमचो, आणि दिल्लीची डॉक्टर रोज ह्यांच्या घरी," तो म्हणाला. "आमच्याकडे एकदा तरी बघ."

सिद्धीने अंगठा दाबला, उचलला. पाय सपाट.

"कायच ना, काका. एकदम बरो आसा."

सगुणचा चेहरा पडला. त्याने एकदा कृष्णनाथकडे पाहिलं, मग पोराचा पाय पुन्हा पुढे केला.

"जरा जोरान दाब गो. थोडो तरी खड्डो पडतलो."