खिडकीखालचा कोपरा

मोहरील भाऊजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या, पेलाभर पाणी घेतलं आणि माझ्या दिवंगत सासऱ्यांचं तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे सासऱ्यांच्या फोटोचं. आधी "यांना काय म्हणायचे?" असं विचारून घेतलं आणि मग अगदी अदबीनं म्हणाले, "माफ करा हं, आप्पा. तुम्ही बाजूनं बघताय. असं मला जमत नाही." मग आमच्याकडे वळून त्यांनी तळहातावरची सुपारी नाहीशी केली. ती कुठे गेली इकडे आमचं लक्षच नव्हतं. आम्ही दोघं त्या उलट्या फोटोकडे बघत होतो. भिंतीत आणि फोटोत अडकलेला हार अजून हलत होता.

मोहरील मूळचे नागपूरचे. भोपाळच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याचे वरिष्ठ, आणि टाउनशिपमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला. जिना एकच, मध्ये एक भिंत. दिवसभर यंत्राचे भाग तपासायचे आणि घरी आले की हातचलाखी. बाकीचे जादूगार प्रेक्षकांना घाबरतात, हे बसण्याच्या जागेला घाबरायचे. "समोरच्याचं काही नाही हो, वहिनी. समोरचा बिचारा मी दाखवीन तेच बघतो. घात होतो तो बाजूनं." त्यामुळे जादू राहायची बाजूला आणि आधी अर्धा तास आमचं सामान हलायचं. कपाटाच्या आरशावर चादर, टीव्हीच्या काचेवर टॉवेल. घरात कोणी गेल्यासारखी कळा यायची आणि मग ते प्रसन्नपणे म्हणायचे, "हं, आता बसा."

त्यात आमच्या टाउनशिपमधली एका टाइपची सगळी क्वार्टरं एकाच नकाशावर बांधलेली. दार, खिडकी, ओट्याची बाजू, सगळं सारखं. भाऊजींनी कधीच शोधून ठेवलं होतं की पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यातून, त्यांची डावी मूठ आतून दिसते. म्हणजे ओळीतल्या प्रत्येक घरात तोच कोपरा वाईट. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन त्यांनी हे सांगून ठेवलेलं. "तिथे कोणाला बसू देऊ नका." ते आपल्या जादूपुरतं म्हणायचे, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते राहायचं. मी त्या कोपऱ्यात तांदूळ निवडायला बसायचे, ते बंद केलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिथे नजर गेली की उगीच वाटायचं, कोणीतरी बसलंय आणि आपली मूठ आतून बघतंय.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तर त्यांनी कहर केला. स्टेजवर गणपती, त्याच्यापुढे कार्यक्रम, हे वर्षानुवर्षांचं. भाऊजी अडून बसले, "गणपती मागून बघतोय. पडदा टाका."

"अहो मोहरील, देव आहे तो!" सेक्रेटरी ओरडले.

"म्हणूनच म्हणतो. त्याला तर काही सांगून पटवताही येणार नाही."

शेवटी मंडळाचे दोन सभासद गणपतीपुढे शाल धरून उभे राहिले. प्रेक्षकांचा समज झाला की आता गणपतीच गायब होणार. पुढच्या रांगेतल्या आजी हात जोडून रडायला लागल्या. भाऊजींच्या सुपाऱ्या येत होत्या, जात होत्या, पण बघतंय कोण! सगळे श्वास रोखून शालीकडे बघत बसलेले. शाल खाली आली, गणपती जागच्या जागी होता, आणि त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली.

त्या वाईट कोपऱ्यात बसायची परवानगी जगात एकाच माणसाला होती. त्यांच्या बायकोला. कुसुमताई रोज संध्याकाळी आपल्या घरातल्या खिडकीखाली बसायच्या आणि भाऊजी सराव करायचे. मी भिंतीच्या अलीकडे पोळ्या लाटत असायचे. भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप, आणि एकदम ताईंचा आवाज यायचा, "दिसलं." पुन्हा शांतता. "दिसलं." लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस माझ्या अंगावर काटा यायचा. नंतर सवय झाली. आवाज आला नाही तर पोळी करपायची.

मग एका वर्षी तो आवाज यायचाच थांबला. मला वाटलं, जमलं एकदाचं! भाऊजी जिन्यात भेटले तेव्हा मी अभिनंदन केलं. "आता ताईंनाही पकडता येत नाही वाटतं?"

"नाही येत," भाऊजी म्हणाले आणि किल्ली शोधत राहिले.

हळूहळू आम्हालाही कळलं. ताई विसरायला लागल्या होत्या. आधी भाजीत मीठ, मग माणसांची नावं, मग माणसं. दिवसा एक बाई सोबतीला असायची. भाऊजी मात्र रोज सुपारी घेऊन त्यांच्यापुढे उभे राहायचे आणि मुद्दाम चुकायचे. मूठ सैल, अंगठा वर. "एकदा म्हणू दे तिला," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "एकदा पकडलं तिनं मला, की समजेन आत आहे ती अजून."

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर खिडकीखालच्या कोपऱ्यात कोणीतरी बसलं होतं. दिवा लावलेला नव्हता. मग ओळखलं. ताई होत्या. दार उघडं दिसलं, आत आल्या, आणि आपल्या जागेवर बसल्या. सगळी घरं सारखीच, त्यात त्यांची काय चूक!

मागोमाग भाऊजी धापा टाकत आले. मला वाटलं, हात धरून नेतील. पण ते ताईंकडे बघत मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही समोर बसा." आतल्या दाराशी, आपल्या ठरलेल्या जागेवर ते गेले. त्यांनी खिशातून सुपारी काढली.

समोरून मला तळहात रिकामा दिसला. ताईंच्या बाजूला त्यांनी मूठ जवळजवळ उघडीच धरली होती. ते घामाघूम झाले होते. खोलीत इतकं शांत होतं की मला आमची भिंतही ऐकत असल्यासारखी वाटली. ताईंनी मान पुढे काढली, सरळ त्या मुठीत बघितलं.

आणि टाळ्या वाजवल्या. लहान मुलीसारखा चेहरा फुलला त्यांचा. "अगंबाई! गेली कुठे?"

भाऊजींचा हात तसाच हवेत राहिला. मी मान खाली घातली, मला त्यांच्याकडे बघवेना.

"तुम्ही कुठे राहता हो?" ताईंनी विचारलं.

"इथेच," भाऊजी म्हणाले. "शेजारी."

"मग येत जा ना. आमचे हेही करतात, पण त्यांचं मला सगळं दिसतं. तुमचं छान आहे."

भाऊजींनी आधी वाकून नमस्कार केला, स्टेजवर करायचे तसा. "येईन," म्हणाले.

तेव्हापासून मोहरील भाऊजी कामावरून आले की स्वतःच्याच दाराची कडी वाजवतात, आणि आतून ताईंचं "या ना" येईपर्यंत जिन्यात उभे राहतात.