आधी हाक, मग काडी

काडी ओढायच्या आधी दामले साहेब रिकाम्या कोपीच्या दारात वाकायचे आणि हाक मारायचे, "आत कोणी आहे का? असाल तर बाहेर या." मग कान देऊन जरा थांबायचे.

आत कोण असणार? कोपी मीच बांधलेली. बांबूच्या कामट्या, वर उसाचं पाचट, आत एक मोडकी बाज. तरी साहेब आत जाऊन बाजेखाली बघायचे, बाहेर येऊन पुन्हा हाक मारायचे. मग काडी लावून, हातात घड्याळ धरून उभे.

पंचावन्न-छप्पन्न साल असेल. ऊसतोड्यांच्या कोप्या पेटत, माणसं भाजत. छपराला काय लावलं तर आग उशिरा धरेल, हे शोधायला सरकारच्या संशोधन खात्यानं साहेबांना आमच्याकडं भवानीनगरला धाडलं होतं. बांधायचं मी, लिंपायचं माझ्या बायकोनं, कौसानं, आणि जाळायचं साहेबांनी. बारामतीच्या बाजारात लोक मला विचारायचे, "काय गणपतराव, आज कुनाचं घर जाळलं?" साहेबांचं नावच जाळसाहेब पडलं.

कौसाला हे काम पटत नव्हतं. "नवं घर हाय. दिवा न लावता जाळू न्हाय," म्हणून ती आधी दिवा लावायची, नारळ वाढवायची. साहेब खोबऱ्याचा तुकडा गालात धरून घड्याळ बघायचे.

एकदा ते बाजेखाली वाकले ते उठेचनात. बघतो तर आमची काळी कोंबडी तिथं अंड्यांवर बसलेली. रिकामी जागा वाया का घालवायची, म्हणून कौसानंच अंड्यांची पाटी तिथं ठेवली होती. मी कोंबडी उचलायला गेलो.

"हात लावू नका, गणपतराव."

"सायब, कोंबडी हाय ती."

"आत आहे ना?"

ती कोपी पंधरा दिवस उभी राहिली. काम का थांबलं, म्हणून वरून कागद आला. साहेबांनी उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: वारा प्रतिकूल. पिल्लं आईमागं दारातून बाहेर पडली, त्या दिवशी वारा अनुकूल झाला.

पण साहेबांचा हट्ट एकच. छप्पर सात मिनिटं टिकलं पाहिजे. चुना झाला, राख झाली, पिंपातून आलेली सरकारी औषधं झाली. तीन-चार मिनिटांत सगळं खाली यायचं. त्या दिवशी साहेब जेवायचे नाहीत.

मी म्हणालो, "पाच मिन्टं पुरं, आसं लिवा की. कोन बघायला येतंय?"

"सातच. एका माणसाला दोनदा आत जाऊन यायला सात लागतात."

कौसा लिंपत होती. गप्प राहणं तिला कधी जमलं नाही. "दुसऱ्यांदा कुनाला आनायचं, सायब?"

साहेब घड्याळाला चावी देत राहिले. मग म्हणाले, "कोकणात आमचं घर गवती छपराचं होतं. पेटलं तेव्हा मी आईला बाहेर आणलं. ती म्हणाली, सुमी कधीच बाहेर पळाली, आत कोणी नाही." चावी पुरी झाली होती, तरी ते फिरवत होते. "सुमी माझी मुलगी. चार वर्षांची. भिऊन बाजेखाली लपली होती. मी हाक मारली नाही."

दुसऱ्या दिवशी कौसानं मातीत शेण, गव्हाचं भुस्कट आणि निवडुंगाचा चीक कालवला. दोन दिवस कुजवला आणि छप्पर आतून-बाहेरून तीनदा लिंपलं. चिकानं तिच्या हातांची सालं निघाली. मी रागावलो, तर म्हणाली, "माझं हात हायती, तुमचं न्हाईत."

ती कोपी पेटवली. पाच झाली. सहा झाली. सात झाली तेव्हा छप्पर उभं होतं. आठव्याला बसलं.

साहेबांनी वही उघडलीच नाही. धग जरा उतरल्यावर ते तसेच राखेत शिरले आणि बाज होती तिथं वाकून बघू लागले. मला पुढं जायचा धीर होईना. कौसा गेली. सोललेल्या हातानं तिनं त्यांचं मनगट धरलं.

"चला सायब. कोन न्हाय आत. म्या बघितलंय."

त्या दिवशी साहेब आमच्याकडं जेवले. दोन भाकरी खाल्ल्या.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. पुढं काही कळलं नाही.

कौसा गेली, त्याला येत्या माघात वर्ष होईल. शेताकडं जाताना कुलूप लावायच्या आधी मी दारात वाकतो, हाक मारतो. मग जरा थांबतो. साहेब थांबायचे तेवढंच.