राणीचा मुकुट आणि आबांची मोटार

अवसरी खुर्दच्या सुनीलनं अख्ख्या गावाच्या जळक्या मोटारी नवी तार भरून दिल्या होत्या, पण घरातला मिक्सर तीन वर्षं तसाच पडून होता. त्यामुळे महिला दिनाच्या वेशभूषा स्पर्धेसाठी साधनानं मुकुटात दिवे बसवून मागितले, तेव्हा नवऱ्याला नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

सिनेमातल्या अंतराळराणीचा मुकुट तिनं पुठ्ठा, चंदेरी कागद आणि फुटकी चाळणी घेऊन हुबेहूब बनवला होता. महिनाभर खपली होती बिचारी.

"राणी बोलली की मुकुट पेटतो, आसं सगळ्या बचत गटाला सांगून बसलेय," ती म्हणाली. "न्हाई पेटला तर तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाई."

"बटन बसवतो की."

"दाबू कशानं? एका हातात तलवार, एका हातात ढाल!"

सुनीलनं डोकं लढवलं. फोन लावला की विहिरीवरची मोटार चालू, पुन्हा लावला की बंद, असला मोबाईल स्टार्टर त्याच्या रोजच्या हाताखालचा. एका जुन्या स्टार्टरचं पोट काढून त्यानं मुकुटात बसवलं, सिम घातलं, त्यात स्वतःचा नंबर नोंदवला. खाली उभं राहून फोन लावायचा, वर मुकुट पेटणार! दोनदा पेटवून पाहिला. झकास.

त्याच टेबलावर आबांचा स्टार्टर साफसफाईला आला होता. आबा म्हणजे वडील, जानकू. त्यांच्या सिममध्ये फक्त त्यांचाच नंबर. 'माज्या मोटारीला दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई' ही त्यांची अट. सुनीलनं जाता जाता दोन्ही सिमं काढली, फडक्यानं पुसली आणि घाईघाईत परत बसवली. संध्याकाळी आबा आपला स्टार्टर नेऊन विहिरीवर बसवूनही आले. सुनीलचा हा शहाणपणाच नडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीचं सभागृह बायकांनी गच्च भरलं होतं. साधना स्टेजवर आली, तलवार उगारून गरजली, "अंधारा, मी आले आहे!"

सुनीलनं फोन लावला. अंधार तसाच. पुन्हा लावला. काही नाही. तिसऱ्यांदा लावला. पुढच्या रांगेत बचत गटातली कुशाबाई फिसकन हसली. साधनाचा चेहरा पडला. सुनील फोन उलटासुलटा करून बघू लागला.

आणि एकाएकी मुकुट लख्ख पेटला! विझला. परत पेटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साधना चेकाळून चार संवाद जास्तीचे बोलली. सुनील मात्र हातातल्या फोनकडे बघत राहिला. आपण तर काही केलंच नाही!

तेवढ्यात फोन वाजला. आबा.

"सुन्या, मोटार आपसूक चालू झालीय! काढल्याल्या कांद्यात पाणी शिरलंय. मी फोनवर फोन लावतोय, बंदच व्हईना!"

सुनीलच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. पुसताना सिमांची अदलाबदल झाली होती. आपण मुकुटाला फोन लावत होतो तो मोटारीला लागत होता, आणि आबा मोटारीला लावत होते तो मुकुटाला. त्यानं चटकन आपला फोन लावला. तिकडे मोटार थांबली. परत आबांचा फोन.

"थांबली रं!"

वर मुकुट विझलेला आणि राणीचे दोन संवाद बाकी. बापाशी खोटं बोलणं सुनीलच्या जिवावर आलं, पण साधनाचा मघाचा चेहरा आठवला.

"आबा, तुमी लावत ऱ्हावा. थांबलात तर परत चालू व्हईल!"

पहिलं बक्षीस साधनाला मिळालं. परीक्षकबाई म्हणाल्या, उजेडाची वेळ कशी अचूक साधली!

आबा गुडघाभर चिखलानं भरलेले सभागृहात आले. "दोनच वाफं भिजलं, वाचलो. पन फोन लावून लावून बोट दुखाय लागलं. आता थांबू का?"

आता लपवून उपयोग नव्हता. सुनीलनं मान खाली घालून दोघांना सगळं सांगितलं आणि बोलणी खायला उभा राहिला. आबांनी मुकुटाकडे टक लावून पाहिलं. साधनानं तो नीट डोक्यावर बसवला.

"आबा, फोटो काढायचाय. एकदा लावा की."

आबांनी ऐटीत फोन लावला. मुकुट पेटला.

"बगा," साधना नवऱ्याला म्हणाली, "आता मिक्सरलाबी सिम बसवा. आबाच चालू करतील."