चिकोरीवर कारवाई

आल्मवीक नगरपालिकेचं पुष्पघड्याळ म्हणजे बागेतला एक गोल वाफा. जे फूल ज्या वेळी उमलतं, त्या वेळेची पाटी त्याच्यापुढं. निळ्या चिकोरीपुढं पाटी सहाची. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्या स्वीडननं उन्हाळी वेळेच्या नियमानुसार घड्याळं तासभर पुढं केली. चिकोरीनं केलं नाही, आणि जुलैत ती रोज सातला उमलू लागली. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. यंदा तिच्या भरवशावर कुणा पाहुण्याची बस चुकली आणि त्यानं लेखी तक्रार ठोकली.

बाग सांभाळणाऱ्या थीराला नोटीस आली: पुष्पकर्मचारी रोज एक तास उशिरा हजर होतात, शुक्रवारपर्यंत सुधारणा न झाल्यास वाफा उखडून फरसबंदी करण्यात येईल. एकसष्ट वर्षांच्या थीरानं निम्मं आयुष्य त्या वाफ्यात गुडघे टेकून काढलं होतं.

ती समयपालन अधिकारी मेल्केरकडे गेली. तिथं कॉफी आणि दालचिनीच्या बनपावांची वेळ झाली होती, म्हणून आधी ती पाळली गेली. मग तिनं समजावलं, की झाडाच्या पेशीपेशीत त्याचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि ते सूर्याशी जुळवलेलं असतं, नगरपालिकेशी नाही.

"आतलं घड्याळ? त्याला परवानगी कुणी दिली?"

"अरे बाबा, पाटी बदल ना. सहाच्या जागी सात लिही, मिटलं."

"पाट्या वाहतूक खात्याच्या, थीरा. फुलं आपल्या हाताखालची. जे हाताखाली असतं, तेच सुधारायचं असतं."

चौकशीसाठी चिकोरीची एक कुंडी तीन दिवस फायलींच्या अंधाऱ्या कपाटात कोंडण्यात आली. सूर्य दिसेनासा झाला की बाहेरची चिथावणी थांबेल, असा खात्याचा होरा. तिसऱ्या दिवशीही सातच्या सुमारास, मिट्ट काळोखात, कळ्या उमलल्या. अहवालात शेरा पडला: 'हेतुपुरस्सर.' शुक्रवारी सकाळी सहाला समिती पाहणीला आली. पाचही सदस्य जांभया देत होते. फुलांत शिस्तीचा अभाव आहे, या निष्कर्षावर त्यांनी डोळे चोळत सह्या केल्या. एकानं तर दुसऱ्याच्याच नावापुढं केली.

नऊच्या आत वाफा उखडला गेला. थीराला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"मेल्केर, गजराशिवाय शेवटचा कधी जागा झालास रे तू?"

मेल्केरनं थोडा विचार केला. "सुट्टीत."

"मग तेव्हा तुलाही उपटायला हवं होतं."

त्यानं हे म्हणणं टिपून घेतलं आणि फाईल बंद केली. आता फरशीवर प्लास्टिकची चिकोरी बसवली आहे. ती अष्टौप्रहर उमललेली असते. हजेरी शंभर टक्के.

हसताय? आज सकाळी गजर वाजला, तेव्हा तुमच्याही आतून कुणीतरी 'अजून नाही' असं बजावलं होतं. तुम्ही दोन कप चहा ओतून त्याचं तोंड बंद केलंत आणि वेळेवर हजर झालात. चिकोरीला निदान उपटावं तरी लागलं.