दहा तारीख, दुपारचे चार

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मुकुंदराव खानझोडे यांचं नाव घेतो. आमच्या कारखान्यातली जुनी माणसं हे ऐकून हसतात. त्यांच्या मते या गृहस्थांनी नोकरीभर एकच काम नेमानं केलं. दर महिन्याच्या दहा तारखेला, दुपारी बरोबर चार वाजता, रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या नाकासमोर खिडकी बंद केली.

खानझोडे काका पगार विभागात होते. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेसाठी पगारातून जी कपात होते ती सुरू करायची, वाढवायची किंवा थांबवायची, तर फॉर्म त्यांच्या खिडकीवर द्यावा लागे. दहा तारखेच्या चारपर्यंत दिला तर त्याच महिन्याच्या पगारात बदल व्हायचा. चार वाजून एक मिनिटानं दिला तर पुढच्या महिन्यात. उशिरा आलेल्याला काका खिडकीची फळी खाली ओढताना शांतपणे सांगत, "गाडी सुटली."

"अहो, पण पुढची?"

"पुढच्या महिन्यात दहा तारखेला. फलाट हाच."

आमच्या शहरातल्या स्टेशनचं नाव बदलून कितीतरी दिवस झाले तरी ते हबीबगंजच म्हणत, पण गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. खिडकीच्या वर लावलेलं घड्याळ ते रोज सकाळी कारखान्याच्या भोंग्याशी ताडून बघत. दोन्ही जुळले नाहीत तर भोंगा चुकला असं धरत.

त्यांचा महिना एक तारखेला सुरू होत नसे, अकराला होई. कोणी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलं की आधी तारीख बघत आणि म्हणत, "म्हणजे मधे दोनच दहा तारखा आहेत. कर्जाचा फॉर्म दिला का?" बारशाला जाताना झबल्यासोबत पाकिटातून वारसनोंदणीचा फॉर्म नेत. आमच्या विभागातल्या एकाच्या बायकोला दिवस गेले तेव्हा काकांनी तिला अभिनंदन म्हणून सांगितलं होतं, "सात दहा तारखा राहिल्या, वहिनी. आरामात."

दहा तारखेला रविवार आला की नऊलाच खिडकी बंद होई आणि तशी सूचना ते आठ दिवस आधी मोठ्या अक्षरांत लावत. तरी एकदा एक फिटर रविवारी फॉर्म घेऊन थेट बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरवर त्यांच्या दारात उभा राहिला. काकांनी त्याला बसवलं, पोहे केले, वर शेव घातली, चहा दिला, त्याच्या आईची तब्येत विचारली. फॉर्म मात्र घेतला नाही. तो बिचारा निघताना म्हणाला, "पोहा तो बढ़िया था, काकाजी." काका म्हणाले, "पोहे वेळेवर झाले होते ना."

मी पांढुर्ण्याचा. माझे वडील संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच, आणि पगारातून कपात होणाराही पहिला मीच. त्यामुळे पहिल्या पगारपत्रकात पतसंस्थेच्या नावापुढे आकडा दिसला तेव्हा मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. माझी धाकटी बहीण वंदना हिला नर्सिंगला जायचं होतं. पतसंस्थेचा नियम असा, की सलग सहा महिने कपात झाली की कर्ज मिळतं. मधे एक महिना जरी खंड पडला तरी मोजणी पुन्हा एकपासून. माझे पाच महिने झाले होते. सहावा झाला की अर्ज करायचा आणि वंदनाची फी भरायची, असं आम्ही ठरवलं होतं. फी भरायची मुदत त्याच्या पुढच्याच महिन्यात संपत होती.

त्या सहाव्या महिन्यात मला कायम केलं. मी घरी पेढे पाठवले. मला हे ठाऊक नव्हतं, की शिकाऊंच्या यादीतून नाव कायमच्या यादीत गेलं की जुनी कपात आपोआप थांबते आणि नव्यानं फॉर्म द्यावा लागतो. हे मला जेवणाच्या सुट्टीनंतर एकानं सहज बोलता बोलता सांगितलं, आणि तारीख होती दहा.

फॉर्म मिळवला, भरला, साहेब मीटिंगमधून बाहेर येण्याची वाट बघितली, सही घेतली आणि सायकल मारत पगार विभागात पोचलो. खिडकीशी कोणी नव्हतं. घड्याळात चार वाजून एक मिनिट झालं होतं आणि फळी अर्ध्यावर आली होती.

"काका, एकच मिनिट," मी म्हणालो.

"सगळ्यांची एकाच मिनिटानं सुटते, धोटे. यादी चारला संगणकात बंद होते. मलाही उघडता येत नाही."

"माझी सलगता तुटते, काका. बहिणीची ॲडमिशन जाईल."

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म पाहिला. मग म्हणाले, "गाडी सुटली," आणि फळी खाली आली.

मला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. मी खिडकी सोडली आणि वळसा घालून विभागाच्या दारातून आत शिरलो, भांडायला. आत काका एकटेच होते. त्यांच्यासमोर एक भरलेला फॉर्म होता, खाली सही केलेली. ते घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी तो फॉर्म दोन्ही हातांनी सरळ केला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि स्वतःशीच हळू म्हणाले, "गाडी सुटली."

तेवढ्यात मी त्यांना दिसलो. मी भांडण विसरून गेलो होतो.

"काय पाहून राहिला? चल," ते म्हणाले. त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि मला स्कूटरवर मागे बसवून बरखेड्यात पतसंस्थेच्या ऑफिसला नेलं. वाटेत कळलं ते असं. यादी बदलल्यामुळे कपात चुकली असेल, तर सभासदाला तो हप्ता महिनाअखेरपर्यंत काउंटरवर रोख भरता येतो. पगार विभागाचं पत्र मात्र लागतं. मग खंड धरत नाहीत.

"मग हे खिडकीवरच का नाही सांगितलंत?" मी मागून ओरडून विचारलं.

"चारच्या आधी तुझी कपात चुकलेलीच नव्हती. मग तो नियम तुला कसा लागू होणार?"

"पण मी तर चारनंतर आलो होतो."

यावर त्यांनी हॉर्न वाजवला. पुढे कोणी नव्हतं.

पतसंस्थेत श्रीवास्तवजी नावाचे कारकून होते. त्यांनी माझं पत्र घेतलं, हप्ता घेतला, पावती फाडली आणि काकांकडे बघून हसले. "और खानझोडे जी, आपका समंदर कितना भरा?"

काका म्हणाले, "भर रहा है."

मला काही कळेना. श्रीवास्तवजींनीच मला सांगितलं. काकांची एक आवर्ती ठेव होती, दरमहा पगारातून कापली जाणारी. तिच्या फॉर्मवर 'प्रयोजन' असा रकाना असतो. लोक तिथे हिंदीत विवाह, मकान, पढाई असं लिहितात. काकांनी लिहिलं होतं, समुद्र.

परत येताना काकांनी तलावाच्या काठी स्कूटर थांबवली. मी विचारलं नव्हतं, तरी ते बोलले.

"कुसुमनं समुद्र पाहिला नव्हता. लग्न होऊन नागपूरहून इथे आली तेव्हा मी तिला पहिल्याच आठवड्यात हा तलाव दाखवला. म्हटलं, बघ, समुद्रासारखाच आहे. ती म्हणाली, सारखा नको, खरा दाखवा. मग ठेव सुरू केली. भरत चालली होती." त्यांनी काठावरचा एक खडा पायानं पाण्यात ढकलला. "तीन वर्षं झाली तिला जाऊन."

"आणि ठेव?"

"बंद करायचा फॉर्म भरून ठेवला आहे. दर दहा तारखेला काढतो. लोकांचे फॉर्म घेता घेता उशीर होऊन जातो."

ज्या माणसाचं घड्याळ भोंग्याला चूक ठरवायचं, त्याला दर महिन्याला उशीर होत होता. मी मागे बसलो. त्यांनी किक मारली.

माझा सहावा महिना सलग धरला गेला, कर्ज मिळालं, आणि वंदना छिंदवाड्याला नर्सिंगला गेली. आता ती नोकरीला आहे.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले आणि नागपूरला धाकट्या भावाकडे राहायला गेले. निरोप समारंभात सगळ्यांनी 'गाडी सुटली'वर विनोद केले आणि तेही हसले. पण पगारच थांबला की कपात थांबते, आणि कपात थांबली की पतसंस्था ठेव आपणहून बंद करते, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. निघताना त्यांनी ड्रॉवर रिकामा केला तेव्हा मी तिथे होतो. तो फॉर्म त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

फोनवर सांगितलेलं आवक नोंदीत येत नाही, असं ते नेहमी म्हणत. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं.

"ती. काकांना सा. न.

मी आणि घरचे खुशाल आहोत. वंदना तुमची आठवण काढते.

तुमची ठेव या महिनाअखेर बंद होणार होती. मी पतसंस्थेत जाऊन उपविधी वाचायला मागितले. श्रीवास्तवजी म्हणाले, खानझोडेंचा चेला दिसतोस. निवृत्त सभासदाला हप्ता काउंटरवर रोख भरून ठेव चालू ठेवता येते आणि प्रयोजन तेच राहतं, असं त्यात आहे. तुम्हाला ते माहीत असणारच. पण स्वतःच्या कामाला तुमच्याकडे वेळ नसतो, म्हणून कळवतो आहे.

फॉर्म भरून सोबत जोडला आहे. फक्त तुमची सही हवी. या महिन्याचा हप्ता मी भरला आहे, त्यामुळे ठेव चालू आहे; पुढचेही दर महिन्याला नेऊन भरीन, तुम्ही हिशेब ठेवा.

आणि कधी ठेव मोडून जावंसं वाटलं तर एकटे जाऊ नका, मला सांगा. मी आणि वंदना, आम्ही दोघांनीही अजून समुद्र पाहिलेला नाही.

फॉर्म पाठवायची घाई करू नका. याला शेवटची तारीख नाही. मी खिडकीवर दोनदा विचारून घेतलं.

तुमचा,
धोटे"