सही आपली, बाकी तुमचं

आमच्या घरी पहिला फ्रिज आला तो शेषरावकाकांच्या नावावर. बाबा आर्वीच्या बाजारात भाजी विकत. उरलेला पालक सकाळपर्यंत मान टाकायचा आणि तोच आम्ही खायचो. हप्त्यावर फ्रिज द्यायला दुकानदार पगाराची स्लिप मागे. अख्ख्या गल्लीत स्लिप एकाचीच, एसटी डेपोतले मेकॅनिक शेषरावकाका यांची. गल्लीतली एक शिलाई मशीन, दोन कूलर, एक घरगुती चक्की, सगळं त्यांच्या नावावर. स्वतः काका माठातलं पाणी पीत.

"सही आपली, बाकी तुमचं," म्हणत ते फॉर्म न वाचताच सही ठोकत. अंगणात प्लास्टिकच्या सात खुर्च्या. सही मागायला आलेल्यानं चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढी एकच अट.

पुढे मी बीकॉम झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी फार वेळा सांगते, असं आई म्हणते. सांगणारच. काकांनी तर त्या दिवसापासून माझं नावच बीकॉम ठेवलं.

काका रिटायर झाले त्या वर्षी शेजारच्या गजाननचा कर्जाचा फॉर्म बँकेतून परत आला. जामीनदार म्हणून काका चालणार नाहीत, त्यांचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचे मार्क, खराब आहे. काका तडक आमच्या दारात.

"बीकॉम, एवढी वर्षं डेपोत काढली, एक मेमो नाई. अन् आता मले नापास कोण करून राह्यलं?"

मी मोबाइलवर काढून दाखवला. पाचशे एकाहत्तर.

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी."

"मंग फर्स्ट क्लास झाला ना बावा!"

तो फर्स्ट क्लास नाही, हे पटवायला माझी एक संध्याकाळ गेली. मग रोज सकाळी आठला फाटकाशी हाक. "बीकॉम, आज किती?"

"काका, तो रोज बदलत नाही."

"काऊन? बीपी तं रोज बदलते."

आपली पत सुधारली की नाही हे तपासायला त्यांनी मला न सांगता तीन बँकांत क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले. तिघांनी नकार दिला आणि स्कोअर आणखी घसरला. काका थक्क. "नुसतं इचारल्यानं मार्क कटते? सोयरिकीसाठी आपण धा घरी इचारतो!"

शेवटी मी पूर्ण रिपोर्ट छापून आणला. सगळी खाती बंद होती, एक सोडून. ते होतं आमच्या फ्रिजचं. चार हप्ते बाकी.

फ्रिज घेतला त्या वर्षी बाबांना कावीळ झाली होती. चार हप्ते कंपनीनं माफ केले, असं काकांनीच येऊन सांगितलं होतं, आणि आम्ही आजवर त्या कंपनीला दुवा देत होतो.

"तुम्ही भरले होते?" मी विचारलं.

"वसुलीवाला आलता, त्याले देल्ले नगद."

"पावती?"

"माह्या अंगणात चहा पेला त्या माणसानं. त्याले पावती मागू?"

पावती नाही म्हणून फायनान्सवाल्यांनी हात वर केले. चारही हप्ते दंडासकट मी पुन्हा भरले. मी तेव्हा एका अडत्याकडे नोकरीला होते. माझे तीन पगार गेले. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण 'काही येणं नाही' असा शिक्क्याचा कागद हातात पडला, तेव्हा त्यांनी तो लॅमिनेट करून देवांच्या फोटोशेजारी टांगला.

मग मी त्यांना त्यांचीच बँकेतली ठेव तारण ठेवून एक क्रेडिट कार्ड काढून दिलं. थोडं वापरायचं आणि वेळेवर भरायचं, की स्कोअर चढतो. काका त्यावर दर महिन्याला फक्त चहापत्ती आणि साखर घेत आणि बिल यायच्या आधीच भरायला बँकेत हजर. सव्वा वर्षानं त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तर फळीवर चहाचे पुडे, बहुतेक न फोडलेले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. सही चालेनाशी झाल्यापासून अंगणात कोणी फिरकत नव्हतं. सातही खुर्च्या मात्र रोज पुसलेल्या असत.

त्या दिवशी स्कोअर होता सातशे बावन्न.

"आता काय घेता काका? गाडी?"

"मले काय घ्याचं?" त्यांनी फडकं झटकलं आणि खुर्च्यांकडे पाहिलं. "लोकं येतीन आता."

मी घरी गेले आणि माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, घेऊन परत आले. तिला वर्ध्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला शिक्षण-कर्जाला जामीनदार हवा होता. काकांनी पेन काढला.

"काका, वाचा तरी."

"सही आपली, बाकी तुमचं. बसा दोघी. चहा ठेवतो."

वैशालीचं कर्ज मंजूर झालं. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण होईपर्यंत फक्त व्याज भरायचं असतं. ते मी दर महिन्याला तारखेच्या आधी भरते, आणि पावती घेते.